वाट देणारा हात

दोन हजार चोवीस साल, मला एकाहत्तर पूर्ण. डाव्या डोळ्यानं कमी दिसायचं, तरी स्टेअरिंग सुटत नव्हतं. म्हणून माझ्या लेकीनं, सुमननं, पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारी कार घेतली.

हायवेला तिनं बटण दाबून वेग लावून दिला. मी चालवत होतो. पुढच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून हात काढून आम्हाला वाट दिली. आमची कार मागंच रेंगाळली. तेवढ्यात मधल्या जागेत दुसराच घुसला आणि कारनं स्वतःच ब्रेक मारला.

"अण्णा, चिडू नका. तिचं तिला करू द्या की!"

"तिला त्याचा हात दिसतो का गं?"



पस्तीस वर्षं मी ट्रक चालवला. घाटात वळणापलीकडचं दिसत नसायचं, तेव्हा पुढच्याच्या त्या हातावर विसंबून पुढं गेलो. दोनदा हॉर्न वाजवला की उपकार फिटले. त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. असा भरवसा कुठल्या यंत्रात बसवणार?

पण खरं सांगतो, त्या दिवशी तो हात मलाही उशिराच दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेअरिंगला नमस्कार केला, किल्ली सुमनला दिली आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसलो.