चाळीस अंशांवरचा सांधा

माझी थोरली बहीण अक्का पंधराव्या वर्षी विधवा होऊन कल्याणला आमच्या घरी परतली, आणि पुढे अठ्ठावीस वर्षे आमचा स्वयंपाक तिने केला. मग तिची नजर कडेकडेने जाऊ लागली. समोरचे दिसे, बाजूचे दिसेना. एकदा पदर निखाऱ्यावर पडला, तरी तिला वास आल्यावरच कळले.

बायको म्हणाली, "वन्संना खडवलीला त्यांच्या दिराकडे पोचवा. माझ्या घरात जळून मेलेलं नको." दिराचा निरोप आलाच होता : गोठ्याच्या पडवीत जागा आहे.

ठाण्याचे एक डॉक्टर अशा डोळ्यांवर संशोधन करीत होते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मज्जातंतूंचे जाळे असते. अक्काचे कडेने मरत चालले होते. विजेने उरलेले जागे करता येते का, हे त्यांना पाहायचे होते. बायको तेवढे थांबायला कबूल झाली. "चार महिन्यांत आकडा वाढला तर राहू देत."

दर महिन्याला आम्ही ठाण्याला जात असू. डॉक्टर तिच्या कानशिलांना ओल्या पट्ट्या लावून बॅटरीचा प्रवाह सोडीत. ती दात आवळून बसे. मग पितळी तारेच्या कमानीवरून पांढरा मणी बाहेरून आत सरकवीत. तिने नजर समोर ठेवायची आणि मणी दिसताच "दिसला" म्हणायचे. तो अंश मी वहीत लिहीत असे. मी कचेरीत कारकून, अक्षर चांगले.

आधी सतरा, मग पंधरा, मग पुन्हा पंधरा. चौथ्या महिन्यात एकदम चाळीस! डॉक्टर खुलले, विलायतेला निबंध पाठवायची तयारी सुरू झाली. पाचव्या महिन्यात चाळीस, सहाव्यातही चाळीस, आणि दोन्ही डोळ्यांना. मला ते पटेना. डॉक्टर आत गेल्यावर मी मणी सरकवून पाहिला. चाळिसावर तारेला सांधा होता. मणी तिथे टक् करी.

"सांगू नकोस रे," अक्का हळूच म्हणाली. "कुणाचं काय जातं?"

"निबंध खोटा ठरेल."

"आणि मी?"

"आकडा खोटा आहे, अक्का."

"चिंचोके वाटतानाही असाच होतास मेल्या. एक जास्त म्हणून कधी दिला नाहीस."

मी सांगितले. डॉक्टरांनी मणी बाजूला ठेवला, काडीला पांढरा कागद चिकटवला आणि तारेला न लावता फिरवला. अक्का "दिसला" म्हणेचना. म्हणाली तेव्हा नऊ.

डॉक्टरांनी तीन महिन्यांचे आकडे खोडले. तिच्यादेखत मला म्हणाले, "बाईंचा आता उपयोग नाही. तुम्ही मात्र वही लिहायला येत चला." मी पुढे चार वर्षे जात राहिलो.

घरी बायकोने विचारले, "किती?"

"नऊ."

त्याच संध्याकाळी तिने चूल ताब्यात घेतली.

खडवलीला पडवीत एक बाज टाकलेली होती. अक्का तिच्यावर बसली, गाठोडे चाचपले आणि म्हणाली, "विहिरीला कठडा नाही म्हणतात. इथून किती पावलं, तेवढं मोजून दे. ते तुला जमतं."

मी मोजून आलो. "बासष्ट."

"तुझ्या टांगांनी नव्हे. माझ्या पावलांनी."

मी पुन्हा गेलो, बाईमाणसासारखी लहान पावले टाकत. दिराची मुले हसत होती. एकोणऐंशी भरली.

तिला मी सत्त्याहत्तर सांगितली.