रिग्रेट म्हणजे काय

नव्वदच्या दशकात ताई केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली, तेव्हा मी नववीत होते. आमचं गाव बिद्रीच्या अलीकडे. आबा, म्हणजे आमचे वडील, साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते, शिक्षण चौथी. ताईनं कोल्हापुरातल्या एका कंपनीत लॅबच्या जागेसाठी मुलाखत दिली होती. महिन्याभरानं पत्र आलं. ताई घरी नव्हती. आबांनी पाकीट माझ्यापुढं धरलं.

"वाच की."

इंग्रजीत दोनच ओळी होत्या. ताईला घेतलेलं नाही, एवढं कळलं. पण आधी एक शब्द होता, रिग्रेट. मी डिक्शनरी काढली आणि पहिला अर्थ वाचून दाखवला, "पश्चात्ताप होणे."

आबा म्हणाले, "म्हंजे चूक झाली म्हणत्यात त्ये. मग घ्या म्हणावं पोरीला."

मलाही ते पटलं. ताई आल्यावर म्हणाली, "आबा, ती नुसती लिहायची पद्धत असते."

"येवढ्या मोठ्या हापिसातली माणसं उगंच लिवत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. वाचायला कुणीतरी पाहिजे म्हणून मला शाळा बुडवायला लावली. कंपनीच्या गेटवर वॉचमननं "पावणं, कुणाकडं?" विचारलं आणि पत्र बघून आत सोडलं. टेबलापाशी एक बाई टाइप करत होत्या. आबांनी पत्र त्यांच्यापुढं ठेवलं.

"तुमास्नी पश्चात्ताप झालाय म्हणून आलोय. पोरगी उद्यापास्नं येईल."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. त्यांनी ड्रॉवरमधून कागदांचा गठ्ठा काढला. सगळीकडं त्याच दोन ओळी होत्या, नावाची जागा तेवढी मोकळी.

"काका, हे सगळ्यांनाच जातं. नाही म्हणायचं असलं की असंच लिहितात."

आबांनी वरचा कागद बोटानं चाचपला. "आणि खरंच पश्चात्ताप झाला, तर काय लिवता?"

त्या हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "तसं लिहायची वेळ कधी आली नाही." मग आबांना पाणी दिलं. ते उभ्यानंच प्यायले.

एसटीत आबा म्हणाले, "तिथं काय झालं ते घरात सांगू नगंस." मी सांगितलं नाही. पण ताईनं काही विचारलंही नाही.

पुढं तीन वर्षं ताई अर्ज करत राहिली. नंतर नंतर ती पाकीट फोडायचीही नाही. हातात घेतलं की पातळपणावरूनच तिला कळायचं, आणि ती ते फळीवर टाकून द्यायची. मग आजऱ्याचं स्थळ आलं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच तिच्या नवऱ्याचं काम सुटलं आणि ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायला लागली.

आबा निवृत्त झाले त्या वर्षी मी त्यांना घेऊन आजऱ्याला गेले. ताईनं चहा आणला. काजूच्या टरफलांतल्या तेलानं तिची बोटं काळी पडली होती, टोकांची सालं निघालेली. आबा बराच वेळ त्या बोटांकडं बघत होते.

"तुला शिकवाया नको हुतं मी," ते म्हणाले.

ती नाही म्हणेल, असं मला वाटलं होतं.

"व्हय," ताई म्हणाली, "पाचवीतच काढलं असतंसा, तर सोपं गेलं असतं."

आबांनी बशीत चहा ओतला. तो तसाच गार झाला.