चांगथांगला निघालेली ऋताताई

ऋताताई पाटणकर मंगला गौरीच्या गल्लीत वाढली, भूगोल शिकली. लडाखच्या चांगथांग पठारावर कुरणांचे नकाशे करायची नोकरी तिला मिळाली, पण बाबांचा होकार हवा होता. बाबा गंगेकाठच्या पंचगंगा घाटावर पुरोहित.

“तिथे झाडसुद्धा नाही म्हणे. लोक राहतात कसे?” ते कुरकुरले.

“पाऊस नाही, म्हणून गवत विरळ. ते संपलं की मेंढपाळ बकऱ्या घेऊन पुढच्या कुरणावर डेरा टाकतात.”

“म्हणजे घरदार नाहीच!”

“आहे की. सगळं पठारच घर, आपल्या गल्लीपेक्षा ऐसपैस.”

“आणि नहाणार कुठे? गंगा आहे तिथे?”

“सिंधू आहे. रोज आंघोळीच्या वेळी तुम्ही सात नद्यांना बोलावता ना, त्यांतली.”



“पाहिली नाही कधी,” बाबा म्हणाले. “जा. येताना लोटाभर आण.”