तुपाचा वास

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास आमच्या पांढुर्ण्यात एक खूळ शिरलं होतं. दसरा झाला, की बायका कोहळ्याचा गर आणि संत्र्याची साल घालून पावाचं पीठ मळायच्या आणि डबे भाजायला बेकरीच्या भट्टीवर न्यायच्या.

त्यांत एक बाई आपला डबा घेऊन शेजारच्या सौंसर गावाहून बसने यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, कारण तुपाशिवाय दुसरा विषय त्या निघूच द्यायच्या नाहीत. प्रत्येकीच्या डब्यावर वाकून हुंगायच्या आणि लगेच नाकाला पदर लावायच्या.

“वनस्पती तूप टाकलं वाटते, ताई?” त्यांनी मला विचारलं.

“छे, घरचं तूप आहे.”

“मंग ठीक आहे. माह्या घरी तं वनस्पतीचा डबा उंबरठा चढत नाही.”

डबे सगळे सारखेच, म्हणून मी माझ्या पावावर तीन मनुका खोचल्या होत्या. डबे भट्टीतून निघाले. आपला डबा ओळखायला बाईंनी डोळे मिटून एकेक हुंगला आणि नेमका तीन मनुकांचा उचलला.

“पाहा, तुपाचा वास लपत नाही!” असं सगळ्यांना ऐकवून त्या बस गाठायला पळाल्या.

मी हाक मारली नाही. माझ्या पावात तुपाचा थेंबही नव्हता, सगळं वनस्पतीच होतं. पण चारचौघींसमोर मिळालेलं प्रमाणपत्र मला मोडवेना.

त्यांचा डबा मी घरी आणला. सकाळी चहाबरोबर पहिला घास घेतला आणि टाळूला वनस्पतीचा तोच ओळखीचा थर चिकटला.

“तूप घरचंच ना?” नवऱ्याने विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “यावेळी सौंसरच्या घरचं.”