सिनेमा येण्याआधी

वाचनालयात काल एक बाई एका जुन्या कादंबरीसाठी अडून बसल्या होत्या. तिच्यावरचा सिनेमा दिवाळीत येतोय. जुनी प्रत कुणीतरी नेली होती. नवी होती, पण तिच्या मुखपृष्ठावर सिनेमातल्या नटीचा फोटो.

"आत तेच आहे हो," ग्रंथपाल म्हणाले.

"माहितीये. पण सिनेमाआधी एकदा माझ्या कुंदाला भेटून घ्यायचंय. नंतर ही नटीच दिसणार."

कुंदा ही कादंबरीची नायिका. मला आधी हसू आलं, मग जरा गलबलून आलं. माझ्या कुंदाला मावशीचा चेहरा आहे. लेखकानं तसं काही लिहिलेलं नाही. मावशी मटार सोलायची आणि मी तिला ती कादंबरी वाचून दाखवायचे, एवढंच. मावशी आता नाही. तिच्या फोटोंत ती कायम अवघडलेली. मनमोकळं हसते ती फक्त त्या पानांत.

ग्रंथपालांनी शेवटी खाकी कागद घेतला आणि नव्या प्रतीला तिथल्या तिथे कव्हर घातलं. नटी झाकली गेली. बाईंनी पुस्तक पिशवीत टाकलं.

"तुमचं झालं की मला हवंय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमची कुंदा कोण?"

"मावशी."

"मग चार दिवसांत आणून देते."