मंगलच्या साखरपुड्यातला पॉज

धाकट्या बहिणीचा साखरपुडा मी भर मांडवात मोडत आणला, तोही रीतसर क्लास लावून.

आमच्या खानदानात पदवीचा फोटो भिंतीवर लागला तो माझाच. त्यामुळं फुलंब्रीतल्या साखरपुड्यात मुलीकडून चार शब्द बोलायचा मान आपोआप माझ्याकडं आला. (आपोआप म्हणजे आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, मागं लागून लागून.) शहरात वक्तृत्वाच्या क्लासला गेलो. सरांनी शिकवलं, आधी 'हूक' टाकायचा, म्हणजे ऐकणारा दचकलाच पाहिजे. मग 'पॉज', म्हणजे गप्प राहायचं. वक्ता जेवढा मोठा, तेवढा पॉज लांब. आणि 'आय कॉन्टॅक्ट', म्हणजे एक माणूस धरून त्याच्या डोळ्यांत डोळे घालायचे.

नवरदेवाचे मामा पुढच्याच खुर्चीत होते. सोयरीक त्यांच्याच शब्दावर जुळलेली. मी त्यांनाच धरलं आणि हूक टाकला.

"हे लग्न आम्हाला मान्य नाही."

पुढचं वाक्य तयार होतं, 'असं म्हणणारा एक तरी माणूस या मांडवात आहे का?' पण मध्ये पॉज होता ना!

पॉज झकास चालला होता. आचाऱ्यानं पुऱ्यांच्या कढईखालचा गॅस बंद केला. आई मटकन खाली बसली. अण्णा वहाण शोधायला लागले (माझ्यासाठी, हे नंतर कळलं). मामांनी शेजाऱ्याला विचारलं, "हा पोरगा माझ्याकडं असा काहून बघायलाय?" मला वाटलं, आय कॉन्टॅक्ट जमला. पॉज आणखी ताणला.

मामा उठले. त्यांच्यामागं त्यांच्याकडची सगळी माणसं उठली. मी घाईनं तोंड उघडलं, तर माईक बंद! साउंडवाले रफिकभाई अण्णांचे जुने दोस्त. त्यांनी वायरच उपटली होती.

"बस हुआ बेटा," ते हळूच म्हणाले. "घर की इज्जत का सवाल है."

तेवढ्यात मंगल साडी सावरत उठली. माईकबिईक काही नाही, पण पार आचाऱ्यापर्यंत ऐकू गेलं.

"मामा, बसा. दादाचं वाक्य अर्धंच झालंय. रोज आरशापुढं तेच घोकायलाय, मला पाठ हाय. लग्न समद्यांना मान्य हाय, मला तर लईच. पुऱ्या टाका."

टाळ्या थांबेनात. मामा हसत खाली बसले. "भाषण करावं तर असं," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता.

लग्नासाठी मामांनी एकच अट घातली. म्हणून त्या दिवशी मला मांडवामागं जनरेटरवर लक्ष ठेवायला उभं केलं. त्या धडधडाटात मी अख्खं भाषण केलं, हूक आणि पॉजसकट. एकही माणूस उठून गेला नाही.