सुभेदारीणबाई आणि कोपऱ्याचं घर

सुभेदारीणबाईंना हेवा लपवता येत नसे. आम्ही बाकीच्या बायका शेजारणीची नवी साडी बघून ‘छान आहे हो’ म्हणायचो आणि घरी येऊन भांडी आपटायचो. त्या तिथल्या तिथे सांगून मोकळ्या होत. आम्ही नव्या घरात सामान उतरवत होतो, तेव्हा त्या पाण्याची कळशी आणि चहाची किटली घेऊन आल्या. कळशी दारात ठेवली, घरावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, “घर चांगलं हाय, वैनी. माझं व्हतं ते.”

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. सांगलीबाहेर एका व्यापाऱ्याने उसाचं रान मोडून बैठी घरं बांधली होती. सगळी एका साच्याची. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. रस्ता अजून मातीचाच होता आणि संध्याकाळी टिटवीचा आवाज ऐकू येई, इतकी शांत वस्ती. फक्त कोपऱ्याच्या घराला दोन्ही बाजूंनी अंगण होतं आणि पश्चिमेचं वारं होतं. सुभेदारीणबाईंनी ते हेरून ठेवलं होतं. पण इसार द्यायच्या दिवशी नेमकी अमावस्या आली. सैन्यातून पेन्शनीत आलेले सुभेदार गोळीला भ्यायले नसतील, पण अमावस्येला घराबाहेर पडले नाहीत. माझे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांना तिथी फक्त कॅलेंडरवर दिसे. त्यांनी त्याच दिवशी इसार देऊन टाकला. सुभेदारांना शेजारचं घर मिळालं.

“अमुशेला कुणी घर घेतं व्हय?” त्या माझ्याच व्हरांड्यात बसून मला विचारत. रोज संध्याकाळी भाकऱ्या उरकल्या की त्या आमच्या पायरीवर येऊन बसत, पदराने मान पुसत. मी एकदा म्हटलं, “आत खुर्चीवर बसा की.” तर म्हणाल्या, “नगं. घर तुमचं हाय, वारं तर सरकारचं हाय न्हवं?”

त्यांचा हेवा रिकामा बसत नसे. आम्ही खिडक्यांना हिरवा रंग लावला, की त्यांच्या खिडक्या आठवड्यात गडद हिरव्या. आमच्या अंगणात पपई लागली, तेव्हा भर उन्हात त्यांनी आळं खणायला घेतलं. सुभेदार नुसते बघत राहिले. “मला राग आला की हात थांबत न्हाईत,” त्या म्हणाल्या. त्यांच्या इवल्याशा अंगणात शेवगा, कढीपत्ता, अळू, सगळं असं रागाने वाढलं. आणि पहिल्या शेंगा, पहिला पाला आमच्या घरी आला. “बघा,” एवढंच म्हणून त्या ठेवून जात.

खरं सांगायचं तर मीही त्यांच्यावर जळत होते. अंगण माझं मोठं होतं, पण माणसं त्यांच्याकडे असत. माझे यजमान त्यांच्या हुलग्याच्या माडग्याची तारीफ माझ्या स्वयंपाकघरात बसून करत. आणि माझी रेखा, चार-पाच वर्षांची, शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे टाकून जेवायला त्यांच्याकडे. एकदा दुपारी ती तापाने फणफणली होती. मी कपाळावर घड्या ठेवत होते आणि ही पोर म्हणत होती, “तू नको. सुभेदारीणबाईंना बोलाव.”

मी बोलावलं. त्या आल्या, रेखाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पोर गप झोपली. मी दाराशी उभी होते. मला राहवेना. मी म्हणाले, “मला हे बघवत नाही, सुभेदारीणबाई.”

त्यांनी वर पाहिलं. रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “मला ठावं हाय. माझी दोन्ही पोरं थोरल्या जावंला आय म्हणत्यात.”

त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. त्यांचं सासर माणमधलं. पाऊस नाही, रान कोरडं. सुभेदारांच्या बदल्या लांबलांब. क्वार्टर मिळालं की त्या नवऱ्याकडे जात आणि पोरं गावी जावेपाशी राहत. “सुट्टीला गेले की पोरगं तिच्या पदराआड लपायचं. माझं पोरगं, आन मलाच बघून लपायचं. मी हासायची. लय हासले, वैनी. मग ठरिवलं, आता हासायचं न्हाई. जळतंय तर जळतंय म्हनायचं.”

रेखा बरी झाली तेव्हा पुन्हा त्यांच्या दाराशी गेली. मी खिडकीतून ऐकलं. “आदी आयला विचारून ये,” त्या सांगत होत्या. “तिनं जा म्हटलं तरच ये.” त्यानंतर रेखा रोज विचारून जाऊ लागली आणि मला एकदाही नको म्हणवलं नाही.

पाच-सहा वर्षांनी यजमानांची बदली साताऱ्याला झाली. घर विकायचं ठरलं. गिऱ्हाईकं येऊन बघून जाऊ लागली. त्या संध्याकाळी सुभेदारीणबाई पायरीवर बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, “घर मला द्या.”

सुभेदार मागून आले. “आवं, दोन्ही घरं एका नकाशाची. तितनं उठून हितं यायाचं. खाली-पीली परेड.”

“तुमास्नी सारखी असतील,” त्या म्हणाल्या. “मी तितनं हिकडं बघत काढलीत इतकी वर्सं.”

त्यांनी आपलं घर तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याला विकलं आणि आमचं घेतलं. आमची शेवटची ट्रंक बाहेर निघायच्या आधीच त्या आतल्या खोलीत झाडू मारत होत्या. रेखा टांग्यात बसून रडत होती. त्या बाहेर आल्या, तिच्या हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

साताऱ्यात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. वर्षभराने मी भेटायला गेले, तर त्यांनी मला पाहुणीसारखं खुर्चीवर बसवलं. मग एकेक खोली हिंडून दाखवली. मधल्या खोलीला नवी खिडकी पाडली होती. अंगणात अबोली, मोगरा. मी इतकी वर्षं राहिले आणि मला ती खिडकी सुचली नव्हती. माझा चेहरा बघून त्या तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. “लय वर्सं मी जळले. आता तुमी जळा.”

पुढे दोनच वर्षांत त्या गेल्या. चार दिवसांचं दुखणं झालं. पत्र उशिरा मिळालं म्हणून मी पोचले तेव्हा दिवसकार्य उरकलं होतं. सुभेदार एकटेच व्हरांड्यात होते. मला बघून उठले आणि म्हणाले, “आदी आत चला.”

स्वयंपाकघरात उभा ओटा होता, काळ्याभोर कडाप्प्याचा. जन्मभर खाली बसून भाकऱ्या थापलेल्या बाईने गुडघे दुखतात म्हणून तो बांधून घेतला होता. फरशी अजून तेलकटसुद्धा झाली नव्हती.

“ह्यावर म्हैनाभर रांधलं असंल तिनं,” सुभेदार म्हणाले. “रोज म्हनायची, वैनी कवा येत्यात. त्यांच्याकडं असला न्हाई. नीट बघा, तुमास्नी दावायलाच केलाय.”

मी नीट बघितला. हात फिरवून बघितला. मग सुभेदारांसाठी चहा ठेवला. ओटा त्यांच्या ठेंगण्या उंचीचा होता, मला वाकावं लागत होतं. चहा उकळेपर्यंत मी तशीच वाकून उभी राहिले आणि हेवा वाटायची वाट बघत राहिले.